कोमट लाल

“आसाराम वडवणीला गेलाय, सासरा वारला त्याचा. आज शिटावर सही तू कर,” एवढंच बोलून केदारशेठ समोरच्या खोलीत निघून गेले आणि जीवनच्या हातातला कप बशीवर वाजला. बोलण्यात विशेष काहीच नव्हतं. प्रेसमधल्या दुसऱ्या कुणालाही ते रोजचंच वाटलं असतं. मशीनवर आधी थोडे कागद काढायचे, औरंगाबादहून आलेल्या नमुन्याशेजारी धरायचे, शाई कमीजास्त करायची, आणि रंग जुळले की त्यातल्या एका शिटावर सही करायची. मग पुढचा सगळा गठ्ठा त्या सहीच्या शिटाबरहुकूम निघतो. ही सही इतकी वर्षं आसाराम करत आला होता. जीवन शेजारी उभा राहायचा. “बास का रे?” असं आसाराम विचारायचा तेव्हा जीवन शिटाकडं बघितल्यासारखं करून आसारामच्या तोंडाकडं बघायचा. भुवया सैल पडल्या असतील तर रंग जमलेला असायचा. “बास,” जीवन म्हणायचा, आणि आसाराम मान डोलवून सही करायचा. आज त्या भुवया वडवणीला होत्या. आणि जीवनला लाल रंग दिसत नव्हता.

दिसत नव्हता म्हणजे त्या जागी अंधार असायचा असं नाही. लाल, हिरवा, तपकिरी हे सगळे त्याला एकाच वाळल्या गवताच्या कमीजास्त छटांसारखे दिसायचे. जांभळा म्हणजे निळाच. हे बीडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोला, मोहिनीलाही नाही. लग्नाचा बस्ता बांधताना त्यानं शालूचं कापड चिमटीत धरून, डोळे बारीक करून, “हा घ्या,” म्हटलं होतं आणि पोराला कापडातलं कळतं म्हणून सासरवाडीत कौतुक झालं होतं. असं कौतुक झालं की त्याच्या पाठीच्या मणक्यातून एक गार रेघ खाली उतरायची. ती आत्ताही उतरली. आतल्या खोलीत मशीन घरघरायला लागलं होतं. कारखान्याची जीप दारात उभी होती. दुपारून लाईट जाणार होती, त्याआधी सगळं काम उरकायचं होतं. तो कप तसाच ठेवून उठला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन उगाचच बसला. पडद्यावर ती बाई होती. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा केलेली. म्हैसूरच्या राजवाड्यातलं ते चित्र, ज्याची नक्कल सलूनपासून फोटो स्टुडिओपर्यंत सगळीकडं टांगलेली असते. माजलगावकडच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन युरोप बघून आले होते आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर त्यांना या खेपेला देव नको होते, जगातली नामांकित चित्रं हवी होती. मुखपृष्ठावर ही दिव्याची बाई. केदारशेठनी वडिलांची अडत बंद करून हे दोन रंगांचं जुनं मशीन आणि कॉम्प्युटर घेतल्यापासून एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. हे जमलं तर कारखान्याचं सगळं काम आपलं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

जीवननं बाईच्या बोटांवर बाण नेला. आकडे उमटले. पिवळा इतका, लाल इतका, निळा जवळजवळ नाही. हे आकडे पहिल्यांदा दिसले तो दिवस त्याला आठवला. कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या तेव्हा बीडमध्ये गल्लोगल्ली लागत होत्या. अशाच एका क्लासमध्ये मास्तरांनी फुलाच्या फोटोवर बाण ठेवला आणि कोपऱ्यात आकडे बदलले. बाकीची पोरं फुलाकडं बघत होती, जीवन कोपऱ्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा रंगानं आपण होऊन त्याला नाव सांगितलं होतं. त्यानं आकडे पाठ केले. कातडीचे आकडे, कुंकवाचे, उसाच्या पानाचे, आभाळाचे. लोक डोळ्यानं चुकायचे, तो आकड्यानं चुकत नसे, आणि वर्षभरात बीडमध्ये कलरचं काम म्हणजे केदारशेठकडचा जीवन असं होऊन बसलं. पण आकडे काचेच्या आत होते. छापून निघालेल्या कागदावर बाण ठेवता येत नाही.

“जीवनराव, या हो,” आतून विठ्ठलराव ओरडले. दुसऱ्या प्रेसमधून आजच्यापुरते मागून आणलेले म्हातारे. जन्मभर एका रंगाची हँडबिलं छापलेली. “मला तुमच्या या रंगीत भानगडीतलं काय कळत न्हाई. तुमी सांगाल तसं.”

काल आसारामनं पिवळा आणि निळा चढवून ठेवला होता. आज लाल आणि काळा चढायचे होते. म्हणजे नेमका लाल. विठ्ठलरावांनी पहिलं शीट काढून टेबलावर टाकलं. जीवननं नमुना शेजारी ठेवला. दोन बायका, दोन दिवे. सारख्याच. “जरा वाढवून बघा,” तो म्हणाला, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. दुसरं शीट आलं. सारखंच. “आता थोडं कमी.” तिसरं आलं. तेही तसंच, कदाचित एखादी सावली हलकी झाली असेल, कदाचित तेही त्याच्या मनातच. त्यानं खिशातलं भिंग काढून बोटांवर ठेवलं. ठिपकेच ठिपके दिसले, पण ठिपक्याचा आकार प्लेटवरच ठरलेला असतो. शाई त्यावर किती जाड बसली हे ठिपका सांगत नाही. त्यानं मान वर करून विठ्ठलरावांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. गालात तंबाखू, डोळे अर्धे मिटलेले. तो चेहरा म्हणजे बंद दुकान होतं.

“तुमाला कसं वाटतंय, काका?”

“मला कावून विचारता? सही तुमची.”

शाईचा वास नाकात भरला होता. लहानपणी असाच अडकला होता, तेव्हा मेंढरांच्या ओल्या लोकरीचा वास होता. चौसाळ्याच्या पलीकडं माळावर पाण्यावर दोन कळप एकत्र झालेले. आपल्या मेंढरांच्या पाठीवर लाल कावेचा पट्टा, दुसऱ्यांच्या पाठीवर हिरवा. वडील, गहिनीनाथ, म्हणाले, आपली आपली हाकून आण. जीवननं आणली. अर्धी आपली, अर्धी दुसऱ्यांची. पहिल्यांदा सगळे हसले. मग वडिलांनी पुन्हा पाठवलं आणि त्यानं पुन्हा तसंच केलं. तेव्हा कुणी हसलं नाही. वडिलांनी त्याला मारलं नाही. ते नुसते बघत राहिले आणि त्या बघण्यात राग नव्हता, भीती होती. रानात वाढलेल्या त्या माणसाला लांडग्याची भीती वाटलेली जीवननं कधी पाहिली नव्हती. त्या रात्री पालाबाहेर ते आईला म्हणाले, “ह्याला मेंढरामागं न्हाई चालायचं. साळंत घाला.” आणि जीवनचं मनगट धरून म्हणाले, “कुणाला सांगू नगंस. पोरगी कोन देईल?” घरातला शिकलेला तो एकटाच. भाऊ अजून कळपामागं हिंडत होते आणि लहान भाऊ हुशार म्हणून त्याचा मान ठेवत होते. तो कशामुळं शाळेत गेला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

कावेरीबाई आल्या असत्या तर निभावलं असतं. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. सकाळी चौसाळ्याला भावाकडं गेल्या होत्या, येतेच म्हणाल्या होत्या. एकट्या राहायच्या, जिभेच्या तिखट. केदारशेठनी त्यांना रंग तपासायला बोलावलं, कारण गावात मूळ चित्र डोळ्यानं पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतं. ऐन तरुणपणी सहलीत त्या म्हैसूरला गेल्या होत्या आणि त्या चित्रासमोरून त्यांना ओढून न्यावं लागलं होतं. पहिल्या दिवशी जीवननं त्यांना पाच नकला दाखवल्या. एक सीडीवरची, एक पोस्टकार्डावरची, दोन पुस्तकातल्या, एक जुन्या कॅलेंडरची. पाचांचे आकडे पाच तऱ्हांचे. एकीत साडी जांभळी, एकीत तपकिरी, एकीत निळी, असं बाईंनीच सांगितलं. “यातलं खरं एकही नाही,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

तेव्हापासून दोन महिने त्या रोज यायच्या. आकडे त्यांना कळत नसत. त्या बोलायच्या. “बोटं फार भडक झालीत, कोमट कर. उन्हातून आल्यावर भिंतीला हात लावतो ना, तेवढंच.” जीवन लाल चारानं उतरवायचा. “आता गार पडली. थोडी ऊब आण. चुलीजवळ भाकरी थापणाऱ्या बाईच्या कपाळासारखी.” तो दोनानं चढवायचा. “हां! कळलं बघ तुला,” त्या म्हणायच्या आणि त्यांच्या आवाजात पोरीसारखा आनंद यायचा. जीवनला त्या आवाजाची चटकच लागली होती. कधी कधी बाई बोलत असताना डोळे पडद्यावर ठेवून तो नुसता ऐकायचा, आणि त्या वाळल्या गवताच्या बोटांत त्याला खरंच काहीतरी उबदार आहे असं वाटायचं. रंग दिसल्यासारखं नव्हे. पण शेजारच्या खोलीत कुणी आहे हे न बघताही कळतं, तसं. घरी गेल्यावर मोहिनी विचारायची, आज काय झालं, आणि त्याला सांगावंसं वाटायचं, आज लाल कोमट झाला. तो सांगायचा, “काई न्हाई, रोजचंच.”

“काय बे, सही कावून न्हाई झाली अजून?” केदारशेठ दारात उभे होते. त्यांच्यामागं कारखान्याचे साहेब, हातात गाडीची किल्ली फिरवत. “लाईट जाईल ना आता.”

“बाई येऊ द्या की, शेठ.”

“बाईंनी पडद्यावर पास केलंय. कागदावर तू काय झोपा काढायला हायस का? कर सही.”

साहेब हसले. विठ्ठलरावांनी तिन्ही शिटं पुढं सरकवली. जीवननं पेन काढलं. तीन दिवे, तीन बायका, तिघींचेही डोळे खाली ज्योतीकडं. त्यानं मधल्या शिटावर सही केली. का मधल्या, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. विठ्ठलरावांनी शीट उचलून वर चिकटवलं आणि मशीन सोडलं. कागद खाली पडायला लागले, एकावर एक, प्रत्येक कागदाबरोबर हवेचा एक फटकारा. केदारशेठ साहेबांना घेऊन वळले. सुटलो, असं जीवनला क्षणभर वाटलं. गठ्ठा वाढत होता. या सगळ्या बायका भिंतींवर जाणार होत्या, कारखान्यात, सोसायट्यांत, डॉक्टरांकडं, आणि बोटं कशी होती त्यांची? आता बाई येणार. चष्मा काढून शीट हातात धरणार. काय दिसणार त्यांना? तो गठ्ठ्याकडं बघत होता आणि गठ्ठा त्याला काहीच सांगत नव्हता, काहीच नाही. आणि मग आपण चालत मशीनशी गेलो, हात वर केला, डाव्या बाजूचं मोठं बटण दाबलं, हे त्याला मशीन थांबल्यावर कळलं.

खोली एकदम मोठी झाली. “काय झालं?” विठ्ठलराव म्हणाले. केदारशेठ परत आले.

“मला लाल दिसत न्हाई, शेठ.”

“शीट लाल दिसत न्हाई? मग वाढव की.”

“शीट न्हाई. मला. लालच दिसत न्हाई. हिरवा बी. ल्हानपणापासून.”

केदारशेठ हसले, मग थांबले. त्यांनी टेबलावरचा शाईचा डबा उचलला. “हे काय हाय?” डब्यावर नाव लिहिलेलं होतं, ते त्यांनी तळव्यानं झाकलं. “मॅजंटा,” जीवननं छपाईतल्या लालाचं नाव सांगितलं, कारण त्या डब्याची कड चेपलेली होती. “मग दिसतंय की!” “कड बघून सांगितलं, शेठ.” साहेबांना गंमत वाटू लागली होती. त्यांनी खिशातला रुमाल काढला. “हा?” “माहीत न्हाई.” “आणि ही किल्लीची दोरी?” “माहीत न्हाई.” “विठ्ठलरावांची टोपी?” “पांढरी.” साहेब मोठ्यांदा हसले. विठ्ठलराव हसले नाहीत. जीवन दोन्ही हात बाजूला सोडून उभा होता. केदारशेठचा चेहरा मात्र हळूहळू बदलत गेला आणि जीवनला चेहरे वाचता येत असल्यामुळं तो बदल त्याला पूर्ण वाचता आला. आधी अविश्वास, मग हिशेब, मागची सगळी कामं एकेक करून आठवणं, आणि शेवटी, वडिलांच्या डोळ्यांत दिसली होती तीच भीती.

कावेरीबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणालाच कळलं नाही. बसमधून उतरून तशाच आल्या होत्या, खांद्याला पिशवी. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. त्या आत आल्या, गठ्ठ्यावरचं शीट उचललं आणि बाहेर उजेडात गेल्या. परत आल्या. “बोटं रक्तात बुडवल्यासारखी झालीत,” त्या म्हणाल्या. टेबलावरची उरलेली दोन शिटं बघितली. “हे पहिलं चांगलं होतं. विठ्ठलराव, यासारखं काढा. अगदी किंचित उतरवा.” विठ्ठलरावांनी मान हलवली. लाईट जाण्याआधी काम झालं. खराब निघालेली शिटं कोपऱ्यात गेली. केदारशेठ साहेबांना चहाला घेऊन गेले, विठ्ठलराव हात धुवायला गेले आणि खोलीत जीवन आणि बाई दोघंच उरले.

“पडद्यावरचं कसं केलंस मग?” बाईंनी विचारलं.

“आकडे असतात, बाई. कोपऱ्यात. तुमी सांगायचा त्या हिशोबानं आकडे हलवायचो. आकडे बरोबर व्हते, बाई. तुमीच पास केले.”

“आकडे बरोबर होते.” त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. “मी तुझ्याशी बोलत होते रे. तीस वर्षं या गावात पोरींना वर्तुळं काढायला शिकवलं मी. संध्याकाळी मैदानावरचं आभाळ बघून दुसऱ्याला दाखवावंसं वाटायचं, तर शेजारची बाई म्हणायची, हो, ढग आलेत. दोन महिने मला वाटत होतं, आहे कुणीतरी एक. मी कोमट म्हणते आणि याला कळतं.” त्या पिशवी उचलून निघाल्या. “मला कळत व्हतं, बाई,” जीवन मागून म्हणाला. त्या वळल्या नाहीत.

केदारशेठनी त्याला काढलं नाही. “आधी सांगितलं असतंस तर मी काय खाणार होतो का तुला?” एवढं म्हणाले आणि लग्नपत्रिकांच्या टेबलाकडं बोट दाखवलं. पण दुसऱ्या दिवसापासून प्रेसमध्ये येणारा जो तो जीवनसमोर काहीतरी धरून रंग विचारायला लागला. मोहिनीला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, बाहेरून कळण्याआधी. ती पहिल्यांदा हसली. मग भाकरीचं पीठ हातावर तसंच ठेवून बसली. “माजं कुंकू कसलं दिसतं मग तुमाला?” “दिसतं की.” “कसलं?” तो कुंकवाचे आकडे आठवू लागला. त्या रात्री झोपेत मोहिनीचा हात कपाळाकडं गेला, निदान त्याला तसं वाटलं.

आठवडा गेला. कॅलेंडरची आतली पानं अडली होती. औरंगाबादला माणूस शोधून झाला, कुणी यायला तयार नव्हतं. शेवटी केदारशेठ स्वतः कावेरीबाईंकडं जाऊन आले आणि जीवनला म्हणाले, “बस पुन्हा. बाई येणारेत. कागद त्याच बघतील.” त्या आल्या. खुर्ची त्यांनी नेहमीपेक्षा लांब ठेवली. “ते आकडे कुठं दिसतात ते मला दाखव,” त्या म्हणाल्या. त्यानं दाखवलं. त्या मान पुढं करून बघत राहिल्या आणि मग कामाला लागल्या. “कपाळ, लाल तीन कमी. बाही, पिवळा पाच जास्त. बास. पुढचं.” काम झरझर होऊ लागलं. पूर्वी एका चित्राला आठवडा लागायचा, आता एका बैठकीत हातावेगळं होई. चुका होत नव्हत्या. केदारशेठ खूश होते. आणि जीवनला, बोटं आकड्यांवर असताना, आपण खरोखर आंधळे होत चाललो आहोत असं वाटायला लागलं होतं. बाईंचा आवाज शेजारी होता, पण त्यात कसलंच घर नव्हतं, चूल नव्हती, भिंत नव्हती. तीन कमी. पाच जास्त. चित्रातल्या माणसांची कातडी पुन्हा वाळल्या गवतासारखी दिसू लागली, ती पूर्वीही तशीच दिसत होती, पण पूर्वी तो त्यांच्याकडं बघत होता.

त्या दिवशी पडद्यावर दूध ओतणारी एक मोलकरीण होती. परदेशातलं, फार जुनं चित्र. बाह्या वर सारलेल्या, कोपराखाली उघडे दणकट हात. त्याच्या तीन नकला त्यानं शेजारी मांडल्या होत्या. बाई तिन्हींवरून पुन्हा पुन्हा नजर फिरवत राहिल्या.

“हे मी पाहिलेलं नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “तिन्हींतलं खरं कुठलं, मला सांगता येणार नाही.” मग लगेच कोरड्या आवाजात, “मधलं घे. हात, लाल चार जास्त.”

जीवननं चार चढवले. आकडे बदलले. तो थांबला.

“बाई,” तो म्हणाला, “हे लाल कसलं म्हणायचं?”

“चार जास्त म्हटलं ना.”

“केलं, बाई. चार केलं. पण कसलं?”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिक्षाला हाक मारत होतं. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्या मोलकरणीच्या हातांकडं बघत होत्या, आणि त्यांचा स्वतःचा हात, सुरकुतलेला, मांडीवर उलटा पडला होता. आता त्या उठून जातील, असं त्याला वाटलं. माउसवरचं त्याचं बोट आखडलं.

“धुणं धुऊन आलेल्या बाईच्या हातासारखं,” त्या हळू म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळू नये अशा आवाजात. “वरून पाण्यानं गारठलेला. आतून तापलेला.”

जीवननं कोपऱ्यातल्या आकड्यांवरची नजर काढली आणि चित्राकडं पाहिलं.